पिंपाला झगा

सासूबाईंनी पिंपाला मिठी मारली
आणि म्हणाल्या, "दोन हात, एक वीत."
टेप माझ्या हातातच राहिली.

निळं पिंप. घोडपदेवच्या चाळीतून
सतराव्या मजल्यावर आलेलं,
लिफ्टवाल्याशी भांडून, सोफ्याच्याही आधी.
पोटावर कसल्याशा केमिकलचं खरवडलेलं नाव,
"ज्वलनशील"मधला नुसता "ज्वल" शिल्लक.

इथे नळाला चोवीस तास पाणी.
हेमंत म्हणाला, भंगारवाला दीडशे देईल.
त्या काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी दादरहून दोऱ्याचे सोळा गुंडे आले,
मोतिया रंगाचे,
आणि सुपारीच्या डबीतून निघाली क्रोशाची सुई,
कामगार कल्याण केंद्रात शिकतानाची,
अंगठा टेकतो तिथे झिजून सपाट.
"दिसतं म्हणून नको ना तुम्हाला?
मग दिसणार नाही."

आधी झाकणाची टोपी.
पाच साखळ्या, गोल जोडायचा,
मग खांब, खांब, साखळी, खांब,
मध्येच एक मुका खांब.
मुका म्हटल्यावर आमचे चिरंजीव खिदळले.
मी विचारलं, मुका का?
"उभा राहतो, पण उंची सांगत नाही."
मला वाटलं सासऱ्यांबद्दल बोलतायत.

घरभर आकडे झाले.
कुरिअरवाल्यानं बेल वाजवली, नाव विचारलं,
त्या म्हणाल्या, "त्रेचाळीस."
कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्याच नाहीत,
दोन दिवस वरणाची पेज.

पिंपाला पोट असतं, हे मला माहीत नव्हतं.
वर बेताचं, मध्ये सुटलेलं, तळाशी पुन्हा आवळलेलं.
इथे टाके वाढवा, तिथे चोरा.
दोनदा सगळं उसवलं.
उसवलेला दोरा कुरळा होतो, सरळ व्हायला तयार नसतो,
तो भिजवून, पिळून, त्यांनी ग्रिलला लटकवला
आणि खाली एक वाटी बांधली, वजनाला.

तोटीसाठी भोक ठेवलं.
बाळाला स्वेटर घालताना
बाहीतून हात धरून बाहेर ओढतात ना,
तशी तोटी ओढून काढली.
काठाला नागमोडी झालर.

सोसायटीच्या भाटकरबाई आल्या,
"अय्या, किती गोड स्टूल!" म्हणत बसायला गेल्या.
गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई
इतक्या चपळाईनं उठलेली मी तोवर पाहिली नव्हती.

चाळीत पाणी पहाटे चार-वीसला यायचं,
चाळीस मिनिटं.
दिवा लावायचा नाही, मुलं उठतात.
अंधारात बोटाच्या पेरानं पिंप वाजवायचं:
रिकामं ढम् म्हणतं,
भरलेलं नुसतं हुं.
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं,
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, चहाच्या आधी.

परवा पहाटे तहान लागली म्हणून उठले.
स्वयंपाकघरात अंधार.
अंधारात कुणीतरी वाजवलं
आणि पिंप म्हणालं, हुं.
मी तशीच परत येऊन झोपले, तहानलेली.

सकाळी पाहिलं,
झालरीचा काठ बोटभर ओला,
मोतिया रंग तिथे भरतीच्या वाळूसारखा काळवंडलेला.
असाच राहिला तर महिन्यात कुजेल.

दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा
मी सुपारीची डबी उघडली.
उसवणं मला येतं. तेवढंच येतं.
खालची एक फेरी काढली,
चुकत, चाचपडत काठ पुन्हा बांधला.
झगा लादीपासून बोटभर वर.

संध्याकाळी त्यांनी चष्मा लावला,
वाकल्या, काठावरून बोट फिरवत गेल्या,
तोटीच्या खाली थांबल्या.
"हा खांब मुका हवा होता,"
एवढंच म्हणाल्या,
आणि सुई माझ्या बाजूला सरकवली.